सोन्याचा पाळणा, साहेबाची टिपणं

जेद्दाच्या ब्रिटिश वकिलातीतून १९३०च्या दशकात ठरावीक काळाने एक अहवाल लंडनला जायचा. साधारण महिन्याचा एक. परिच्छेदांना क्रमांक, मजकूर टंकलिखित, विषय बहुतेक ठरलेले: राजा कुठे आहे, खजिन्यात पैसे आहेत का, येमेनच्या आणि इराकच्या सीमेवर काय चाललंय, इटालियन काय करतायत, हजला किती माणसं आली. त्याच ओघात कोण परदेशी इंजिनिअर बोटीतून उतरला आणि कोण परत गेला, याचीही नोंद. आणि शेवटाकडे, बहुतेक वेळा दोन-तीन ओळींत, या महिन्यात किती गुलामांनी वकिलातीत आसरा घेतला आणि किती जणांना मुक्त करून मायदेशी पाठवलं, त्याचा आकडा.

हे अहवाल आता फोनवर वाचता येतात. ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या हजारो फायली २०१४पासून कतार डिजिटल लायब्ररीवर पानापानाने चढवल्या जातायत. पान बोटांनी मोठं करायचं आणि वाचायचं. मी गेले काही महिने त्यातला एकच धागा धरून वाचतोय, तो म्हणजे सौदी अरेबियातल्या सुरुवातीच्या खाणींचा. इतिहासकार हे कागद पुरावा म्हणून वाचतात. मला ते लेखन म्हणून वाचायचे आहेत, कारण एका देशाची पहिली गोष्ट ज्या गद्यात लिहिली गेली ते गद्य कसं आहे, हे कुणीतरी तपासायला हवं. गद्य चांगलं आहे हे आधीच सांगतो. अडचण तिथूनच सुरू होते.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९३१ साली इब्न सौदकडे तेल नव्हतं, म्हणजे असलं तरी ठाऊक नव्हतं. राज्याचं मुख्य उत्पन्न हाजींकडून येणारं. जागतिक मंदी आली आणि हाजी आटले. १९२०च्या दशकाच्या शेवटी वर्षाला लाखाच्या आसपास येणारे यात्रेकरू १९३३पर्यंत वीसेक हजारांवर आले. नोकरांचे पगार थकले, कर्जं थकली. याच वेळी चार्ल्स क्रेन नावाचे एक अमेरिकन धनिक राजाला भेटायला जेद्दात आले. या क्रेन घराण्याचा पैसा नळ आणि बाथरूमच्या फिटिंगमधून आलेला. राजाने त्यांच्याकडे मागितलं पाणी. क्रेननी आपला माणूस पाठवला, कार्ल ट्विचेल. व्हरमाँटचा हा खाण-इंजिनिअर त्याआधी क्रेनसाठीच येमेनमध्ये काम करत होता. तो १९३१च्या एप्रिलमध्ये उतरला, हिजाजभर शेकडो मैल फिरला आणि त्याने सांगितलं की जमिनीतून आपोआप उसळणारं पाणी इथे मिळायची आशा फारशी नाही. मात्र फिरताना त्याला जुन्या खाणी दिसल्या. त्यातली एक मदिनेच्या आग्नेयेला, महद अझ्झहब. नावाचा अर्थच सोन्याचा पाळणा.

पुढे ट्विचेल अमेरिकेत भांडवल शोधत फिरला. त्यातून १९३३च्या २९ मे रोजी सोकॅल कंपनीचा तेलाचा मक्ता झाला आणि १९३४मध्ये सोन्याचा, सौदी अरेबियन मायनिंग सिंडिकेट या ब्रिटिश-अमेरिकी भांडवलाच्या कंपनीचा. तेलाची गोष्ट जगाला पाठ आहे. सोन्याची कुणाला माहीत नाही, आणि माझ्या मते लेखन म्हणून तीच जास्त बोलकी आहे.

अहवाल लिहिणारे साहेब साधेसुधे कारकून नव्हते. १९३०पासून १९३६पर्यंत जेद्दाला वकील होते सर अँड्र्यू रायन. त्यांची उमेदीची वर्षं इस्तंबूलच्या वकिलातीत गेली, दुभाषी म्हणून. त्यांनी आपल्या आत्मचरित्राचं नावच ‘द लास्ट ऑफ द ड्रॅगोमन्स’ ठेवलं, शेवटचा दुभाषा. त्यांच्यानंतर आले रीडर बुलार्ड, गोदीत काम करणाऱ्या मजुराचा मुलगा. घरी लिहिलेल्या त्यांच्या पत्रांत तिरकस विनोद ठासून भरलाय. या दोघांना वाक्य लिहिता येतं. मंत्र्याचं चित्र दोन ओळींत उभं करायचं, त्याच्या स्वभावातला एक दोष टिपायचा आणि पुढच्या क्रमांकावर जायचं. वकिलातीकडून ‘प्रमुख व्यक्तीं’ची वेगळी यादीही जायची, ती तर छोट्या व्यक्तिचित्रांचा संग्रहच आहे. अर्थमंत्री अब्दुल्ला सुलेमान यांचं नाव पानोपानी येतं, कारण पैशाची प्रत्येक वाट त्यांच्या टेबलावरून जात होती.

ही शैली वाचताना मजा येते. आणि मजा येत असतानाच एक गोष्ट जाणवत जाते: या गद्यात जे काही अरबी आहे ते थोडं हास्यास्पद आहे. राजाला सोनं हवंय, हे हास्यास्पद. मंत्री घासाघीस करतोय, हेही. लंडनच्या कंपन्याही घासाघीस करत होत्या, पण त्यांची घासाघीस ‘वाटाघाटी’ या शब्दात बसते. विनोद कुणाच्या खर्चाने होतोय हे बघायची सवय आपल्याला हवी. मराठीत आपण पुलंच्या व्यक्तिचित्रांवर प्रेम करत मोठे झालो, त्यामुळे तिरकस निरीक्षण म्हणजे आपुलकी असं आपण पटकन गृहीत धरतो. इथे तसं नाही. हा विनोद वरून खाली जाणारा आहे, आणि त्याचा वाचक लंडनमधला दुसरा साहेब आहे.

आता यातली सगळ्यात मोठी गंमत. तेलाचा मक्ता अमेरिकन कंपनीला मिळाला, सोन्याचं काम अमेरिकन इंजिनिअरच्या डोक्यातून निघालं, पण अमेरिकेची जेद्दात वकिलातच नव्हती. ती उघडली १९४२मध्ये. १९४०मध्ये कैरोतल्या अमेरिकन वकिलाने इब्न सौदकडे अधिकारपत्रं दिली, तोपर्यंत तेवढाही संबंध नव्हता. म्हणजे अमेरिकन उद्योगाची सलग, महिन्यामहिन्याची, जागेवरून लिहिलेली हकीकत आपल्याला मिळते ती ब्रिटिश प्रतिस्पर्ध्याच्या लेखणीतून. स्पर्धेत मागे पडलेला माणूस जिंकणाऱ्याचं चरित्र लिहितोय.

आणि मागे का पडला? ब्रिटिश वर्चस्वाची इराक पेट्रोलियम कंपनीही तेलाच्या मक्त्यासाठी आली होती. राजाला रोख सोनं हवं होतं. ती कंपनी रुपयांची भाषा बोलत राहिली. रुपये म्हणजे आपले, भारतीय रुपये. तेव्हा आखातात तेच चालायचे. सोकॅलने ३५,००० सोन्याच्या सॉव्हरिन देऊ केल्या, आपल्या आजीच्या भाषेत गिन्न्या. अमेरिकेने त्याच सुमारास सोन्याच्या निर्यातीवर बंदी घातल्यामुळे त्या लंडनहून आणाव्या लागल्या. डचांच्या बँकेच्या जेद्दा शाखेत, अब्दुल्ला सुलेमान समोर बसलेले असताना, ट्विचेलने त्या एकेक करून मोजल्या. वाळवंटातून सोनं काढायला निघालेला माणूस आधी वाळवंटात सोनं मोजून देतोय. कुठल्याही कादंबरीकाराला हा प्रसंग पुरला असता. ब्रिटिश कागदांत त्याचं वजन अर्थातच वेगळं आहे. तिथे ते एक व्यवहार म्हणून येतं आणि त्यामागे एक अविश्वास असतो: एवढे पैसे टाकून या लोकांना मिळणार काय?

हा अविश्वास समजून घ्यायला एक दाखला बघू. हिजाजच्या उत्तरेला, लाल समुद्राच्या काठच्या मिदियनमध्ये, आणखी एका ब्रिटिश कॉन्सलने सोनं शोधलं होतं. रिचर्ड बर्टन. हा आपल्याकडचा जुना पाहुणा: मुंबईच्या देशी पलटणीत होता, इथे मराठीची परीक्षा पास झाला, १८५१मध्ये त्याचं गोवा आणि निलगिरीवरचं पुस्तक आलं. १८७७-७८मध्ये तो ट्रिएस्टला कॉन्सल होता. दिवाळखोर झालेल्या इजिप्तच्या खेदिव इस्माईलला सोन्याची गरज होती, म्हणून बर्टन मिदियनला गेला आणि मोठी मोहीम काढून २५ टन दगडांचे नमुने घेऊन आला. त्यावर त्याने दोन पुस्तकं लिहिली. त्या दगडांतून खेदिवचं नशीब उघडेल असं काही निघालं नाही, आणि १८७९मध्ये खेदिवची गादीही गेली. बर्टनचं गद्य रायनच्या बरोबर उलट आहे. ते सुटलेलं आहे, बायबल ते भूगर्भ सगळीकडे धावतं, स्वतःच्या ज्ञानावर खूश आहे. वाचताना दम लागतो. पण त्याच्या पायाखाली जमीन आहे. तो दगडाला हात लावतो.

जेद्दाच्या साहेबांना दगडाला हात लावता येत नव्हता. परदेशी वकिलांना राजाच्या परवानगीशिवाय शहराबाहेर फारसं जाता येत नसे. वकिलाती रियाधला हलल्या त्या थेट १९८०च्या दशकात. त्यामुळे खाणीबद्दल अहवालात जे येतं ते जेद्दाच्या दिवाणखान्यातून येतं. इंजिनिअर बोटीची वाट बघत थांबलाय, त्याच्याशी गप्पा झाल्या, एखादा व्यापारी काही बोलला. ही ऐकीव माहिती इतक्या ठाम, इतक्या नेटक्या वाक्यांत येते की तिचा ऐकीवपणा विसरायला होतो. परिच्छेदाला क्रमांक दिला की अफवेलाही दर्जा येतो. या लेखनाबद्दलचा माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

खाण प्रत्यक्ष कशी होती हे वाचायचं असेल तर ट्विचेलकडेच जावं लागतं. त्याचं सौदी अरेबियावरचं पुस्तक १९४७मध्ये प्रिन्स्टनहून निघालं. गद्य म्हणाल तर रटाळ. अंतरं, पाण्याची पातळी, रस्त्याची अवस्था, झाडं किती. पण महदचं वर्णन वाचा. जुन्या लोकांनी खणलेले बोगदे, दळायचे दगड, आणि टाकून दिलेल्या चुऱ्याचे प्रचंड ढीग. अब्बासी खलिफांच्या काळात इथे काम चाललं होतं, त्याच्याही आधी चाललं होतं. काही जण तर हीच राजा सॉलोमनची खाण म्हणतात. वर्तमानपत्रांना ते फार आवडतं, आपण सोडून देऊ. ट्विचेलला त्यातली गोष्ट हवी नव्हती. त्याच्या डोक्यात हिशेब होता की पूर्वीच्या लोकांना ज्या चुऱ्यातून सोनं काढता आलं नाही, त्यातून आता रसायनाने काढता येईल. तो हिशेब बरोबर निघाला. १९३९पासून १९५४पर्यंत महदमधून साडेसात लाख औंसांहून जास्त सोनं निघालं, शिवाय दहा लाख औंसांच्या आसपास चांदी. माल ट्रकने वाळवंट ओलांडून जेद्दाला यायचा आणि तिथून जहाजाने अमेरिकेला गाळायला जायचा.

रटाळ पुस्तक खरं ठरलं आणि चुरचुरीत अहवाल चुकले, एवढं सोपं मात्र हे नाही. ट्विचेल प्रामाणिकपणे दगड मोजतो, पण तो मक्ता मिळवून देणारा दलालही आहे. १९४२मध्ये तोच अमेरिकन सरकारच्या शेतीविषयक पथकाचा प्रमुख म्हणून परत येतो. इंजिनिअर, कंपनीचा माणूस, सरकारचा माणूस, तिन्ही टोप्या एकाच डोक्यावर. तो एकटा नव्हता. फिल्बी राजाचा सल्लागार आणि त्याच वेळी सोकॅलकडून पैसे घेणारा. १९४४ ते ४६ अमेरिकेचे वकील असलेले विल्यम एडी नंतर आराम्को कंपनीत गेले. अशा माणसांच्या लेखनात ‘मी कुणाच्या वतीने बोलतोय’ हे वाक्य कधीच येत नाही, ते आपल्याला ओळींच्या मधून काढावं लागतं. या बाबतीत रायन-बुलार्ड मला जास्त सरळ वाटतात. ते कुणाचे नोकर आहेत हे कागदाच्या वरच छापलेलं असतं.

अब्दुर्रहमान मुनीफची ‘मुदुन अल्-मिल्ह’, म्हणजे ‘मिठाची शहरं’, या कादंबरीचा पहिला खंड १९८४मध्ये आला. तिची सुरुवात अशी की वादी अल्-उयून नावाच्या हिरव्या ओअ‍ॅसिसमध्ये अमेरिकन येतात आणि आपण पाणी शोधतोय असं सांगतात. मुनीफ स्वतः तेलाच्या अर्थशास्त्राचा डॉक्टरेट, आणि जन्म १९३३चा, म्हणजे मक्त्याच्याच वर्षीचा. सौदी सरकारने त्याचं नागरिकत्व काढून घेतलं होतं. ट्विचेलची गोष्ट माहीत असेल तर कादंबरीतलं हे पाणी वेगळंच लागतं. ट्विचेल खरोखर पाण्यासाठी आला होता, खोटं बोलत नव्हता. पण वादीतल्या माणसाच्या जागी उभं राहून बघितलं तर फरक काय पडला? पाणी म्हणाले, आणि शेवटी झाडं उपटली गेली. मुनीफ ही दुसरी बाजू लिहितो. अहवालात ज्या माणसाला क्रमांकसुद्धा मिळत नाही, त्या माणसाला काय दिसलं असेल, हे तो लिहितो.

अमिताव घोष यांनी १९९२मध्ये याच कादंबऱ्यांवर लिहिताना ‘पेट्रोफिक्शन’ हा शब्द वापरला आणि तक्रार केली की तेलाच्या या भेटीतून साहित्य जवळपास जन्मलंच नाही. कारणांतलं एक असं की तेलाचं जग अनेक भाषांचं, कादंबरी मात्र एका गावावर, एका भाषेवर पोसलेली. निबंध मोठा आहे, पण मला त्याला थोडं छेडायचंय. साहित्य जन्मलं होतं. फक्त ते कादंबरीत नव्हतं, फायलींत होतं, आणि त्याने अनेक भाषांचा प्रश्न फार सोप्या रीतीने सोडवला: सगळ्यांचं बोलणं इंग्रजीत करून टाकलं. अरबीतून, तुर्कीतून, उर्दूतून वकिलातीत आलेला प्रत्येक आवाज साहेबाच्या एकाच सुरात बाहेर पडतो. मधे दुभाषे होते, मुन्शी होते. हाजींच्या कामासाठी जेद्दाच्या वकिलातीत हिंदी मुसलमान उपकॉन्सलही असायचे, कारण मुंबईहून मुघल लाइनच्या बोटींनी हजारो लोक तिथे उतरत. शहराची खबर त्यांच्याइतकी कुणाला असणार? पण त्यांचा आवाज मजकुरात विरघळून जातो. आणि हे घडवतो कोण, तर ज्याने स्वतःला अभिमानाने शेवटचा दुभाषा म्हणवून घेतलं, तो माणूस.

दिल्लीच्या सरकारला या सगळ्यात रस का, हा प्रश्न मला सुरुवातीला पडला होता. एक कारण हज. दुसरं, आखाताचं ब्रिटिश राजकारण बुशेहरहून चालायचं आणि बुशेहर १८७३पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होतं. कागद इकडे पाठवायची सवयच होती. तिसरं कारण मला फायली चाळतानाच कळलं. बंडखोर इखवानांना मोडून काढायला १९२९-३०च्या सुमारास इब्न सौदला भारतातून बंदुका आणि काडतुसं मिळाली होती, आणि त्यांचे पैसे थकले होते. म्हणजे वाळवंटात सोनं निघतंय का, हे बघणाऱ्यांमध्ये एक सावकार भारत सरकारही होतं. सोन्याची बातमी त्या नजरेनेही वाचली जात होती.

मजुरांबद्दल मी अजून काही बोललो नाही, कारण अहवालही फारसं बोलत नाहीत. खाणीत कोण उतरलं, कुठून आलं, किती मजुरी मिळाली, कोण मेलं, हे साहेबांच्या कुतूहलाच्या टप्प्यात येत नाही. रॉबर्ट व्हिटॅलिस यांनी ‘अमेरिकाज किंगडम’ या पुस्तकात दाखवलंय की धहरानच्या तेल-वसाहतीत गोऱ्यांची घरं वेगळी, इतरांची वेगळी, पगार वर्णावरून, ही पद्धत अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या खाण-गावांतून आलेली होती. १९५३मध्ये त्या वसाहतीतल्या हजारो कामगारांनी संप केला. व्हिटॅलिस यांनी कंपनीच्याच कागदांतून ही माणसं उकरून काढली. म्हणजे ती कागदांत होती, लिहिणाऱ्याने त्यांना कर्ता केलं नव्हतं, एवढंच. हे वाक्य लिहिताना मला रत्नागिरी-रायगडची ती गावं आठवतात जिथे घराघरातून एक माणूस सौदीत गेलेला असतो. त्यांच्याबद्दल मराठीत जे लिहिलं गेलं त्यातलं माझ्या वाचनात आलेलं फार थोडं आहे, आणि त्यातही बहुतेकदा आलेला पैसा दिसतो, गेलेला माणूस नाही. साहेबाला नावं ठेवताना हे बाजूला ठेवता येत नाही.

म्हणून त्या गुलामांच्या ओळींकडे परत येतो. १९२७च्या जेद्दा करारानंतरही गुलामांना मुक्त करायचा हक्क ब्रिटिश वकिलातीकडे राहिला होता. १९३६मध्ये तो त्यांनी सोडला. तोपर्यंतच्या अहवालांत आकडा येत राहतो. कुठे एक पुरुष, कुठे एक बाई आणि मूल, सुदानला किंवा आणखी कुठे पाठवले. अख्ख्या अहवालात मला सगळ्यात जास्त थांबवतात त्या याच ओळी. इथे साहेब विनोद करत नाही. इथे अफवा नाही, कारण माणूस वकिलातीच्या दारात येऊन उभा राहिलेला आहे, साहेबाने त्याला डोळ्यांनी पाहिलंय. आणि तरीही इथे गद्य सगळ्यात आखूड होतं. मंत्र्याच्या चिडखोरपणाला अख्खा परिच्छेद, आणि मालकाकडून पळून रणरणत्या जेद्दातून चालत आलेल्या बाईला अर्धं वाक्य.

महदची खाण १९५४मध्ये बंद झाली. १९८०च्या दशकात पुन्हा सुरू झाली आणि आता सरकारी मआदन कंपनीकडे आहे. फायली उघडून बघणार असाल तर अहवाल वाचून लगेच पुढे जाऊ नका, त्याला जोडलेला टिपणांचा कागदही उघडा. इंडिया ऑफिसच्या शिक्क्याखाली एकामागून एक अधिकाऱ्यांची आद्याक्षरं असतात, शेजारी तारखा. कधी समासात पेन्सिलीची उभी रेघ दिसते. ती बहुतेक वेळा पैशाच्या परिच्छेदाशेजारी असते.